पोपटी टोपी पुढे की मागे?

पूर्वा, हातातलं ठेव आणि आधी ऐक! आत्ता, पंधरा मिनिटांपूर्वी, मला मॅरेथॉनच्या फोटोंची लिंक आली. मी ती उघडली. तेव्हापासून लॅबच्या मागच्या पायरीवर बसलेय, चहा गार झालाय आणि आतून दोनदा हाक येऊन गेलीय.

काय दिसलं ते लगेच नाही सांगणार. नुसता फोटो सांगितला तर तू म्हणशील, "बरं, मग?" त्यामुळे तुला आधीचं सगळं ऐकावं लागणार. आणि आधीचं म्हणजे ढीग आहे गं! किस्से कसे साठतात माहितीये? आमच्या लॅबच्या फ्रीजमधल्या ट्यूबांसारखे. रोज एक आत जाते, कोणी ढुंकून बघत नाही, आणि एक दिवस दार उघडलं की धडाधड अंगावर. सात महिने मी इथे डहाणूत धावले, एकही रविवार सरळ गेला नाही. आणि सगळ्या किश्श्यांत एक गोष्ट सेम. कोणीतरी कोणावर तरी संशय घेतंय.

बऱ्याचदा मीच.

* * *

हेमांगी तुला नावाने तरी माहितीये. आमच्या लॅबमध्ये रक्त काढते. ती सुईवर, मी मशीनवर. वरोरची आहे, घरची होडी आहे. मला "ए मुंबई" म्हणून हाक मारते. मी डोंबिवलीची, हे शंभरदा सांगून झालं. "विरारच्या खाली सगळी मुंबईच," म्हणते.

तर एका दुपारी माझ्या मशीनपाशी आली आणि म्हणाली, "आपला फॉर्म भरलाय."

"कसला?"

"मॅरेथॉनचा. आपल्याच रस्त्यावर आहे. डहाणू ते झाई आणि परत. बेचाळीस."

मी आयुष्यात सलग बेचाळीस मिनिटं धावले नव्हते!

"अट एकच," ती म्हणाली. "एकत्र सुटायचं, एकत्र पोचायचं. शेवटी हात धरून आत जायचं. कोणी कोणाला सोडून जायचं नाही. शप्पथ?"

मला एकदम भरून आलं गं. नवीन गाव, नवीन नोकरी, आणि कोणीतरी आपल्याला एवढं जवळचं मानतंय! मी गळ्याला चिमटा काढून "शप्पथ" म्हटलं.

रात्रभर मात्र डोक्यात किडा. मीच का? लॅबमध्ये पाच जणं आहेत. त्यातला एक तर क्रिकेट खेळतो. मग मीच का?

आठवड्याने कळलं. दोघींनी एकदम नाव दिलं की एक टोपी फ्री होती. पोपटी. अशी पोपटी की अर्ध्या किलोमीटरवरून दिसेल. टोपी एकच होती आणि ती तिच्या डोक्यावर होती.

"तुला तो रंग सूट नसता झाला," म्हणाली.

आणि फॉर्मवर दोघींच्या नावापुढे ईमेल माझाच. का? "माझा मेल फुल्ल झालाय गं, नवीन काही येतच नाही." हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

* * *

आता आमची पद्धत सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे.

माझ्या फोनची बॅटरी दहा किलोमीटरमध्ये मरते. हेमांगीचा जीपीएसवाल्या घड्याळावर विश्वास नाही. "घड्याळ वर आकाशात विचारून सांगतं," म्हणते, "मी खाली बघून धावते." म्हणून तिने फक्की आणली. शाळेत खो-खोचं मैदान आखतात ना, ती पांढरी पावडर. स्कूटीवर काटा बघत जायचं आणि दर किलोमीटरला रस्त्याच्या कडेला एक आडवी रेघ मारायची. पहिली, शून्याची रेघ मात्र तिने ऑइल पेंटने मारली. समुद्राकडच्या त्या वाकड्या सुरूच्या झाडाखाली. "बाकीच्या पुसल्या तरी ही राहील."

रेघ आली की एकमेकींना टाळी द्यायची. आणि मी मध्येच थांबले (मी थांबायचेच. लेस, बरगडीत कळ, चिकूवाल्या मावशी, सूर्योदयाचा फोटो!) तर ती थांबायची नाही. थांबलं की तिच्या पोटऱ्या आखडतात. ती आपली हळूहळू पुढे जायची आणि पुढच्या रेघेवर तोंड माझ्याकडे करून, हात पुढे काढून उभी राहायची. टाळीसाठी. मी पोचेपर्यंत. चिडायची नाही, हाका मारायची नाही. नुसता हात पुढे.

चढाची प्रॅक्टिस पाहिजे म्हणून एका रविवारी आम्ही गंजाडच्या बाजूला गेलो. तिकडे पण रेघा मारल्या, सहा. पुढच्या रविवारी मी काय धावले सांगू! तिसरा किलोमीटर पावणेचार मिनिटांत! मी रस्त्यातच नाचले. "हेमांगी, मी बॉर्न रनर आहे!" चौथ्या किलोमीटरला मात्र मरायला टेकले. संपेचना. दहा मिनिटं, अकरा मिनिटं, रेघ येईचना. मला वाटलं हार्टचं काहीतरी आहे.

पाचव्या रेघेपाशी एक काका उभे होते. हातात झाडू. आणि ते आमची रेघ झाडत होते!

"काका, अहो, ती आमची आहे!"

काका सरळ झाले. आम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमची? मग सांगा, काय जातंय इथून? रस्ता जातोय का रेल्वे?"

हेमांगी म्हणाली, "काही नाही जात काका. आम्हीच जातो."

"कुठे?"

"पुढच्या रेघेपर्यंत."

"आणि मग?"

"मग परत."

काका विचारात पडले. "ह्याचे पैसे देतात तुम्हाला?"

"नाही हो," मी म्हटलं, "उलट आम्हीच भरलेत!"

संपलं. तिथेच माती खाल्ली. काकांचा चेहरा असा झाला, की आता तर पक्कं! स्वतःचे पैसे भरून कोणी ऊर फुटेस्तोवर धावतं का? सर्वेवालेच हे!

बरं, काका वेडे नाहीत गं. ह्या बाजूला कोणी येऊन रेघ मारली की दोन वर्षांत कोणाचं तरी शेत जातं. म्हणून झालं काय होतं, तर आम्ही गेल्यावर प्रत्येकाने आपल्या दारासमोरची रेघ पुसली आणि गुपचूप शेजाऱ्याच्या दारासमोर मारली! शेजाऱ्याने उठून ती त्याच्या शेजाऱ्याच्या! आठवडाभर आमचे किलोमीटर गावभर फिरत होते.

माझं ते पावणेचार मिनिटांचं रेकॉर्ड अजून कायम आहे. फक्त ते कुठून कुठपर्यंत, ते गंजाडलाच माहीत.

* * *

तलासरीला आमचं छोटं सेंटर आहे, बुधवारी आम्ही दोघी तिथे असतो. सेंटर उघडायच्या आधी आतल्या रस्त्याने सहा किलोमीटर धावायचं ठरलं. त्या दिवशी हेमांगीला सर्दी होती, म्हणून मी पुढे. तेवढ्या सात महिन्यांत पहिल्यांदा मी पुढे! मी सुसाट. मागे वळून बघत होते, की बघतेय ना ही?

एक बाइकवाला बाजूने गेला. थोडं पुढे जाऊन थांबला. मागे वळून बघितलं. मग फोन लावला.

मी पुढच्या वळणावर पोचले तर टाळी द्यायला मागे हेमांगीच नाही! मी परत फिरले. बघते तर रस्त्यात तीन बाइक आडव्या आणि मधोमध हेमांगी, नाक पुसत.

"ताई, घाबरू नका," एक जण तिला सांगत होता, "पुढे आमची पोरं आहेत, पकडतील तिला. सारखी मागे वळून बघत पळत होती, तेव्हाच डाउट आला. तुमचं काय चोरलं तिने?"

हेमांगीने शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "ही बघा, आलीच. विचारा तिलाच. सात महिने झाले, माझी रविवारची झोप हिच्याकडे आहे."

* * *

झाईचा किस्सा तर मी मेले तरी विसरणार नाही.

झाई म्हणजे महाराष्ट्राचं शेवटचं गाव. गाव संपलं की गुजरात. आम्हाला त्या दिवशी बावीस करायचे होते आणि झाईला वीसच भरले. मी म्हटलं, जाऊ की पलीकडे, एक किलोमीटर जाऊन परत येऊ, व्हिसा थोडाच लागतो?

कमरेला आमचे पट्टे. चार चार छोट्या बाटल्या खोचलेल्या. आत हेमांगीच्या आईने दिलेलं कोकमाचं पाणी, मीठ घातलेलं. लालभडक. सकाळी साडेआठला दोन पोरी, घामाने निथळत, तोंड लाल, कमरेला लाल बाटल्या, आणि दारूबंदी असलेल्या राज्यात धावत शिरतायत! विचार कर!

नाक्यावरचे साहेब खुर्चीतून उठलेच. "बेन! आ पट्टामां शुं छे?"

हेमांगीचं गुजराती फर्स्ट क्लास. "पाणी छे, साहेब."

"पाणी लाल होय?"

मी लगेच मदतीला. "सर, एनर्जी ड्रिंक है! इससे ताकत आती है!" हेमांगीने मला असा चिमटा काढला म्हणतेस! ताकत येणारं लाल पाणी! साहेबांनी बाटली काढली. उजेडात धरली. हुंगली. दुसऱ्या साहेबांना दिली. त्यांनीही हुंगली. मग पहिल्या साहेबांनी कर्तव्य म्हणून एक घोट घेतला.

साहेबांचे डोळे मिटले, मान हलली, पूर्ण तोंड आंबट झालं. बाटली परत देत म्हणाले, "बेन, आना करतां तो दारू सारी!"

आणि आम्हाला सोडलं. यापेक्षा दारू बरी म्हणे! हेमांगीने हे घरी सांगितलं नाही. आईला लागलं असतं.

* * *

आता खरं दुखणं सांगते. हसू नकोस.

मला हेमांगीवरच संशय यायला लागला.

पहिली गोष्ट. लॅबमध्ये आम्ही आपापलं रक्त मशीनला लावलं. माझं हिमोग्लोबिन दहाच्या खाली. तिचं मी गुपचूप बघितलं (हो, चूक आहे, माहितीये) तर जवळजवळ चौदा! चौदा! मी तिचा डबा बघायला लागले. भात, सुका जवळा, नाचणीची भाकरी. हेच तर मी पण तिच्याच डब्यातून खाते! मग?

दुसरी गोष्ट. आमचं ठरलेलं भेटायचं साडेपाचला. ती यायची तेव्हा तिचे बूट आधीच ओले असायचे. टोपीच्या कडेला घाम. अजून आम्ही पाऊल टाकलेलं नाही आणि बाई घामाने डबडबलेल्या! मी विचारलं तर, "दमट आहे गं हवा."

म्हणजे ही चोरून धावते. माझ्यासोबत हळू धावायचं, आणि खरी तयारी वेगळी. मला कळलं. मॅरेथॉनच्या दिवशी ती मला सोडून जाणार.

आणि तिसरी गोष्ट तिच्या बॅगेत सापडली. स्टीलचा छोटा डबा, आत पांढरी पावडर. मी म्हटलं, सापडलं! हेच ते! ताकदीची पावडर! आजूबाजूला बघितलं, बोट बुडवलं आणि चाटलं.

पूर्वा. जीभ अशी चरचरली की मी सँपल ठेवायच्या ट्रेवर पडले. हेमांगी धावत आली. डबा बघितला, माझी पांढरी जीभ बघितली.

"फक्की खाल्लीस?"

"ङं..."

"अगं, रेघा कोण मारतं रोज? वारा पुसतो, गाड्या पुसतात. तुला काय वाटलं, त्या रात्रीतून उगवतात?"

मला इतकी लाज वाटली! बिचारी माझ्या आधी उठून माझ्यासाठी रेघा मारते आणि मी तिच्या बॅगेत बोटं घालते! तीन दिवस मी तिच्याशी इतकं गोड वागले की ती म्हणाली, "तुला ताप आहे का?"

चौथ्या दिवशी भाजी निवडताना माझा हात थांबला. स्कूटी तर दोन आठवडे गॅरेजमध्ये आहे!

मग ही सोळा किलोमीटरच्या रेघा मारायला जाते कशी?

धावत! म्हणजे मी सोळा धावते त्या दिवशी ही बत्तीस धावलेली असते! संशय परत आला, आणि आता त्याला पुरावा होता.

* * *

मॅरेथॉनच्या आदल्या रविवारी मी वरोरला त्यांच्या घरी जेवायला गेले. अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते. काकूंनी मला आधी वास घ्यायला लावला, मग जेवायला वाढलं.

भिंतीवर, टीव्हीच्या वर, एक नवा खिळा होता. नुसताच खिळा.

"तो तुमच्या फोटोचा," काकू म्हणाल्या. "दोघी हात धरून येणार ना? तो मोठा करून लावणार. हिच्या दादाचं होडीचं बक्षीस आहे, ह्यांचा भजनाचा फोटो आहे, हिचंच भिंतीवर काही नाही."

मी म्हटलं, "हो काकू, हात धरूनच येणार."

हेमांगी पाणी आणायला आत गेली. काकूंनी खालच्या आवाजात सांगितलं, "ती येईल ना गं तुझ्यासोबत? तिला वाट बघणं जमत नाही. शाळेतून येताना सगळ्या पोरी मागे, ही एकटी पुढे. लहानपणापासून तशीच."

माझ्या घशात बोंबलाचा काटा नाही अडकला, हे वाक्य अडकलं.

* * *

आणि मग तो दिवस.

पहाटे सगळे जमलो. कमान त्यांनी कुठे लावली होती सांगू? आमच्या वाकड्या सुरूच्या पुढे! आमच्या शून्याच्या रेघेपासून पंधरा पावलांवर. तिथूनच सुटायचं, तिथेच परत यायचं. बाकी रस्ता आयोजकांनी आदल्या दिवशी झाडून लख्ख केलेला. आमच्या सगळ्या रेघा गेल्या. मला कसंतरीच झालं.

"टाळी कुठे द्यायची आता?" मी म्हटलं.

हेमांगीने टोपी सारखी केली. "शून्याची आहे ना."

पंचवीसपर्यंत आम्ही खांद्याला खांदा लावून. झाईला वळलो तेव्हा तिथल्या मुलांनी पाणी दिलं, एक आजोबा ओरडले, "सावकाश! कोणी मागे नाही लागलं!" मस्त चाललं होतं गं. मला वाटलं, उगीच मी किडे केले.

तिसाव्या किलोमीटरला बोर्डीच्या मावशींनी चिकू कापून ठेवले होते. ते पिकलेले, साखरेसारखे चिकू! मी हात घातला तर हेमांगी म्हणाली, "नको खाऊस. आत्ता नको. पोटात गडबड होईल."

स्वतः खाल्लेलं होतं का नव्हतं, मी बघितलं नाही. पण डोक्यात लगेच तेच. माझी ताकद नकोय हिला! मी तिच्याकडे बघत बघत चार चिकू खाल्ले. अख्खे चार.

अडतिसाव्याला पोटाने हिशोब मागितला.

मोबाइल टॉयलेट एकच आणि पुढे पाच बायका. मी वाकून उभी. हेमांगी पोटऱ्या चोळत दोन मिनिटं जागच्या जागी नाचली, मग मला खूण केली, पुढे होते म्हणून. मी मान हलवली. त्या वेळी मी कशालाही मान हलवली असती.

बाहेर आले. पोपटी टोपी कुठेच नाही. पुढच्या सरळ रस्त्यावर, लांबपर्यंत, नाही.

गेली! शेवटी गेलीच! सात महिने मला माहीत होतं! ओले बूट, चौदा हिमोग्लोबिन, बत्तीस किलोमीटर, आणि काकूंचं ते वाक्य, सगळं डोक्यात एकदम. आणि बाई, मला राग आला. असा राग, की त्या रागाने पाय धावायला लागले! अडतीस किलोमीटर झाल्यावर मी लोकांना ओव्हरटेक करत होते! कोणाकडे बघितलं नाही, पाणी घेतलं नाही, बाजूचं काही दिसत नव्हतं. समोर फक्त कमानीवरचं घड्याळ. शेवटच्या वळणाला लोक ओरडत होते, मी दोन्ही हात वर केले आणि आत!

पोचले! मी मॅरेथॉन पोचले पूर्वा! आणि पहिली गोष्ट काय केली, तर पुढे पोपटी टोपी शोधली.

नव्हती.

मागे वळले. हेमांगी माझ्या मागून, कमानीतून, चालत येत होती. चालत!

म्हणजे मी तिला मागे टाकलं होतं! कुठेतरी वाटेत, रागाच्या भरात, न बघता! मला असा आनंद झाला ना! मी म्हटलं, "मला वाटलं तू पुढे गेलीस!"

तिने तिच्या हातातली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "पी आधी."

हात धरून येणं राहिलं, पण मी काय एवढं मनावर घेतलं नाही. चार दिवस मी अख्ख्या लॅबला सांगतेय, शेवटच्या चार किलोमीटरमध्ये मी हेमांगीला कसं मागे टाकलं. सरांना सांगितलं. पेशंटना सांगितलं! आणि ती बाजूला उभी राहून कोणाच्यातरी हाताला पट्टा बांधत म्हणते, "हो ना. सुसाट गेली. मूठ आवळा, काका."

* * *

आणि आत्ता लिंक आली. माझ्याच मेलवर, दोघींची. सोबत दोघींच्या वेळा. चाळीसाव्या किलोमीटरला रस्त्यावर ती पट्टी होती ना, बुटातली चिप वाचणारी? तिथे तिची वेळ माझ्या नऊ मिनिटं आधीची आहे. आणि शेवटी, कमानीखाली, माझ्यानंतर वीस सेकंद.

मी फोटो मोठा केला.

मध्ये मी. दोन्ही हात वर, दात आवळलेले, नजर घड्याळावर. फोटो भारी आलाय. आणि माझ्या उजव्या हाताला, इतक्या जवळ की माझ्या कोपराचा वारा लागला असेल, वाकड्या सुरूखाली, शून्याच्या रेघेवर, कमानीकडे पाठ करून, पोपटी टोपी. एका काखेत पाण्याची बाटली, एक पोटरी धरलेली.

आणि दुसरा हात पुढे. टाळीसाठी.

थांब, आत्ता तिचा मेसेज आलाय. आतूनच पाठवलाय, मध्ये फक्त भिंत आहे. "ए मुंबई, फोटो आले का? आई विचारतेय. खिळ्याकडे बघत बसलीय."

मी उघडला. ब्लू टिक गेली. तिला कळलंय मी वाचलंय. सुरुवातीचा एक फोटो आहे, दोघींचा, हसतानाचा, खांद्यावर हात टाकलेला. तो पण छान आहे. आणि हा आहे.

सांग ना पूर्वा, तू काय केलं असतंस?